वंशावळीत नाव: लातूरच्या एका दत्तक आधार गटाचं प्रकरण

आधी एक सांगून टाकते. ओळख पटू नये म्हणून गाव, शिक्षण, नात्यातले काही तपशील बदललेत आणि नावं कुणाचीच दिलेली नाहीत. ज्या पोराचं हे प्रकरण आहे त्याने पूर्ण वाचलंय, दोन ठिकाणी खोडायला लावलं तिथे खोडलंय. मी स्वतः दत्तक नाही, दत्तक पालकही नाही. समाजकार्य शिकवते, आणि गटाने "आमची प्रकरणं नीट लिहून ठेवायला मदत करा" म्हटलं म्हणून यात आले.

गट कुठून आला

लातूर, बीड, धाराशिवकडच्या दत्तक पालकांचा हा गट. सुरुवात व्हॉट्सॲपवर, मग रीतसर नोंदणी. सगळं पालकांनीच उभं केलं आणि चांगलं उभं केलं, हे मान्य करायलाच पाहिजे. नवीन जोडप्याला सरकारच्या दत्तक पोर्टलवर नोंदणी कशी करायची, गृह अभ्यास अहवालाला (घर पाहून पालकांबद्दल करतात तो अहवाल) कुठली कागदं लागतात, वेटिंग किती लांबतं, सासूला कसं सांगायचं, या सगळ्याला तिथे उत्तर मिळायचं. वर्षातून एक स्नेहमेळावा, त्यात लेकरांचे डान्स, आणि एखाद्या मोठ्या झालेल्या दत्तक मुलीला किंवा मुलाला स्टेजवर बोलवून "माझा प्रवास" सांगायला लावायचं. समोरचे आईबाप रडायचे, टाळ्या व्हायच्या, जेवण.

ज्या ताईला लागोपाठ दोन मेळाव्यांत असं बोलवलं, तिने तिसऱ्या वेळेला सरळ विचारलं की मला माईक देता, कमिटीत खुर्ची का नाही देत? ताई चौतिशीची, एका सहकारी बँकेत नोकरीला. तिला स्वतःला सोळाव्या वर्षी कळलं होतं, चुलत बहिणीच्या लग्नात, मांडवात, कुणा म्हातारीच्या तोंडून. तिचं म्हणणं साधं होतं. गट पालकांच्या काळजीवर चालतो आणि पालकांची काळजी असते "सांगावं का, कधी सांगावं". ज्याला सांगायचं त्याची काळजी वेगळीच असते, ती या अजेंड्यावर कधी आलीच नाही.

वर्षभर वादावादी झाली. मग घटना दुरुस्त केली: कार्यकारिणीत निम्म्याहून जास्त जागा दत्तक म्हणून वाढलेल्या प्रौढांच्या, अध्यक्षपदही त्यांच्याकडे. मेळाव्यातला "माझा प्रवास" बंद. त्यावर मेळाव्याचा खर्च उचलणारे एक उद्योजक पालक नाराज होऊन बाजूला झाले, त्यांच्या मते आता मेळाव्यात राहिलंच काय. धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट, म्हणजे या बदलाची रीतसर खबर, दाखल केला. तो अजून तिथेच आहे, पण संस्थेच्या जगात याला बातमी म्हणत नाहीत.

सरकारी बाजूही थोडक्यात सांगते, नाहीतर गट कशाला लागतो ते कळणार नाही. देशांतर्गत दत्तक झालं की विशेष दत्तक संस्थेने दर सहा महिन्यांनी, दोन वर्षं, घरी जाऊन पाठपुरावा करायचा असतो. लेकरू रुळलं का, वजन वाढतंय का, आई खचली नाही ना. ठीक आहे. पण तान्हं आणलेलं लेकरू असेल तर हा पाठपुरावा ते नीट बोलायला लागतं त्याच्या आसपासच संपतो, आणि खरे प्रश्न येतात सतराव्या-अठराव्या वर्षी, कागदपत्रांच्या निमित्ताने. तेव्हा दार वाजवायला कुणी येत नाही.

फोन

२०२३ चा हिवाळा. मराठवाड्यात त्या दिवसांत काय चाललं होतं ते वेगळं सांगायला नको. मराठा आरक्षणासाठीचं अंतरवाली सराटीचं उपोषण होऊन गेलेलं, सरकारने नेमलेली शिंदे समिती निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधत होती, आणि गावोगाव लोक मोडीतली, उर्दूतली जुनी कागदं वाचून घ्यायला माणसं धुंडत होते. नोंद सापडली की पुढचं काम वंशावळ. पणजोबापासून आपल्यापर्यंत कोण कुणाचा, हे कागदावर मांडायचं, प्रतिज्ञापत्र करायचं. दोन-दोन पिढ्या ज्यांचं बोलणं नव्हतं ते भाऊ एका टेबलावर बसले.

केज तालुक्यातलं एक घर. पाच एकर, सोयाबीन आणि थोडा कापूस. नवरा-बायकोने २००५ मध्ये संस्थेतून चार महिन्यांचा मुलगा दत्तक घेतला, जिल्हा न्यायालयाच्या परवानगीने, सगळं कायदेशीर. पण गावात सांगितलं वेगळं. बाई पाच-सहा महिने पुण्याला बहिणीकडे राहिली आणि बाळ घेऊनच परत आली. मोठ्या दिराला आणि जावेला तेवढं खरं माहीत होतं, बाकी कुणाला नाही. पोरगं हुशार, बारावी करून लातूरला मेडिकल प्रवेशाची 'नीट' परीक्षा रिपीट करत होतं, कुणबी दाखला निघाला तर ओबीसीतून फॉर्म भरता येईल म्हणून दिवाळीला घरी आलेलं असताना चुलत्याकडे वंशावळीचा कागद आणायला गेलं. कागदावर चुलत्याची तिन्ही लेकरं होती. बापाच्या नावाखाली काहीच नव्हतं. हा म्हणाला काका माझं राहिलं. तिथून शब्दाला शब्द वाढला आणि चुलता बोलून गेला, "तुझं कामून टाकावं? तू आमच्या रक्ताचा हाईस का?"

पोरगं त्याच रात्री लातूरला परत. क्लास बंद, मेस बंद, फोन बंद. आठ दिवसांनी आईने ज्या संस्थेतून बाळ आणलं होतं तिथल्या निवृत्त झालेल्या समाजसेविका बाईंना शोधून काढलं, त्यांनी गटाचा नंबर दिला. रात्री साडेदहाला फोन. पहिलं वाक्य: "ताई, त्याला समजावून सांगा, तो आमचाच हाय."

पहिला निर्णय

जुना गट असता तर काय झालं असतं हे मला जुन्या पालकांनीच सांगितलं, हसत हसत. दुसऱ्या दिवशी दोन अनुभवी पालक गाडी काढून आईबापांना घेऊन पोराच्या रूमवर गेले असते. आई रडली असती, पोराने पाया पडून माफी मागितली असती, फोटो ग्रुपवर आला असता.

ताईने आईला विचारलं, त्याने बोलायचं म्हटलंय का? नाही. मग आपण जायचं नाही. माझा नंबर त्याला मेसेज करा आणि एवढंच लिहा की ही बाई पण दत्तक आहे, वाटलं तर बोल, नाही वाटलं तर नको. आणि तुम्ही रोज एक मेसेज टाका, जेवलास का म्हणून, बाकी काही समजावू नका. रूममेटला मात्र ताईने स्वतः गाठलं, तो एकटा राहणार नाही आणि काही वेडंवाकडं वाटलं तर लगेच फोन येईल एवढी सोय करून घेतली. ही गोष्ट वगळून नुसतं "वाट पाहिली" असं कुणी या प्रकरणाबद्दल सांगितलं तर ते धोकादायक होईल.

बाप चिडला. "आम्ही मदत मागू लालाव अन् तुम्ही थांबा म्हणू लालाव." कमिटीतल्या दोन पालक सदस्यांनाही पटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं चूक होतं असं नाही, पोरगं खरंच वाईट अवस्थेत होतं. पण मतदान झालं आणि थांबायचं ठरलं.

काही दिवसांनी रात्री दोन वाजता मेसेज आला. "तुम्हाला कधी कळलं." ताईने लिहिलं, "सोळाव्या वर्षी. लग्नाच्या मांडवात. तू कुठे होतास?" मग पहाटेपर्यंत दोघं टाइप करत बसले.

त्याने काय विचारलं

भेट लातूरच्या बाजारपेठेत, गंजगोलाईत, गर्दीतल्या एका चहाच्या टपरीवर, त्यानेच ठरवलेली जागा. मला वाटलं होतं, आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही मी हेच शिकवत आले, की पहिला प्रश्न असेल "माझी खरी आई कोण". त्याने विचारलं, "मी मराठा हाय का नाही?"

हे समजून घ्यायला त्या वर्षीच्या मराठवाड्यात असायला लागतं. पोरगं मोर्चाला गेलेलं, स्टेटसला भगवा, रूममधल्या सगळ्यांची जात सगळ्यांना पाठ. त्या वातावरणात एका वाक्याने त्याचं आडनाव हलकं झालं होतं. समुपदेशनाच्या प्रशिक्षणात हा प्रश्न नसतो. आम्ही "ओळखीचा प्रश्न" म्हणतो, जात म्हणायला कचरतो. ताई कचरली नाही, कारण हा प्रश्न तिने स्वतःला वीस वर्षं विचारला होता. म्हणाली, "माहीत नाही. शोधलं तरी कळेलच असं नाही. मला पण माहीत नाही माझी. पहिली दोन वर्षं रोज आरशात बघून अंदाज लावायचे."

पोरगं हसलं म्हणे. महिन्याभरात पहिल्यांदा.

अनुभवातून आलेलं नेतृत्व म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी हा प्रसंग सांगते. ताईने आपली कहाणी सांगितली म्हणून त्याला मोठा धीर आला असं कुणी म्हणेल. मला वाटतं जास्त महत्त्वाचं हे की कुठला प्रश्न विचारायला परवानगी आहे, हे तिने बदललं. "तू आमचाच आहेस" या उत्तराने तो प्रश्न बंद होत होता, "माहीत नाही" ने तो उघडा राहिला आणि मग त्याच्यासोबत बसता आलं.

चुलता

कमिटीत एक सर आहेत, आयटीआयमध्ये शिकवतात. ते पण दत्तक, पण जुन्या पद्धतीने, भावकीतून. मूल नसलेल्या चुलत्याच्या मांडीवर दिलेले, गावजेवण घालून, शेताला वारस म्हणून. त्यांची जन्मदाती त्याच वाड्यात, तिला ते आयुष्यभर काकू म्हणत आले. त्यांच्या आणि ताईच्या अनुभवात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि दोघं त्यावरून भरपूर भांडतात. सर म्हणतात गुपित नव्हतं म्हणून माझं सोपं गेलं असं समजू नका, रोज समोर दिसणारी आई आपली म्हणायची नाही ही काय सोपी गोष्ट आहे? "दत्तक माणसाचा अनुभव" म्हणून एकच काहीतरी असतं असं धरून चालणाऱ्यांनी या दोघांना एका खोलीत बसवून बघावं.

चुलत्याकडे सर गेले. वकिलाची नोटीस पाठवायची एक सूचना होती, ती बाजूला ठेवली, कारण नोटिशीनंतर घर राहत नाही. सर पारावर बसले, आधी स्वतःचं सांगितलं, मांडीवर कसं दिलं, सातबाऱ्यावर नाव लागायला किती खेटे. हळूहळू चुलत्याच्या तोंडून खरी गोष्ट निघाली. रक्ताचं वगैरे वरवरचं होतं. भीती ही की उद्या हे पोरगं डॉक्टर होईल, वकील लावेल, आणि सामाईक विहिरीपासून सगळ्यात वाटा मागेल.

सरांनी १९५६ चा हिंदू दत्तक कायदा त्याला गावच्या भाषेत सांगितला. दत्तक झाल्या तारखेपासून लेकरू सगळ्या बाबतीत त्या आईबापाचंच. त्यामुळे तुझ्या भावाचं जे, ते त्याचं, यात कुणी काही करू शकत नाही. पण दत्तकाच्या आधी जे ज्याच्या मालकीचं झालंय ते दत्तकामुळे कुणाकडून काढून घेतलं जात नाही, तुझा वाटा तुझाच. विहीर आधी होती तशीच. चुलता गप्प बसला, मग म्हणाला मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तो बदलला असं मी म्हणणार नाही. पुतण्याशी तो अजून धड बोलत नाही. पण वंशावळीच्या नव्या कागदावर नाव आलं.

दाखल्याचं मात्र वेगळंच झालं. दत्तक लेकराला दत्तक बापाच्या जातीचा दाखला, तोही नोंदीच्या आधारे, कसा द्यायचा यावर कार्यालयात प्रत्येक टेबलावर वेगळं उत्तर मिळत होतं, आणि कोर्टाचा आदेश, दत्तकपत्र हे सगळं अर्जाला जोडायचं म्हणजे तालुक्याच्या ठिकाणी, जिथे गावातली निम्मी माणसं त्याच रांगेत उभी, तिथे स्वतःची फाईल उघडी करायची. पोराने अर्ज करायचा नाही ठरवलं. ओपनमधून फॉर्म भरला. बापाला हे अजिबात रुचलं नाही, खासगी कॉलेजची फी कुठून आणायची, एवढं सगळं केलं ते कशासाठी. त्यात तथ्य होतं आणि कमिटीने बापाला तसं सांगितलंही. पण अर्ज कुणाचा? पोराचा. तिथे गट ठाम राहिला. नीटचा स्कोअर शेवटी कमीच आला, आता तो परभणीला कृषीला आहे.

ताईचं

जानेवारीत सरांच्या लक्षात आलं की ताई त्या पोराला रोज फोन करतीय. दिवसातून दोनदा कधीकधी. बँकेत लंच ब्रेकमध्ये त्याच्यासाठी कॉलेजचे कटऑफ बघतीय. आणि मूळ शोधासाठी, म्हणजे जन्मदात्यांची माहिती मिळवायला, अर्ज कर असं तीच पुन्हापुन्हा सुचवतीय, तो काही म्हणालेला नसताना. ताईच्या स्वतःच्या शोधात हाती काही लागलं नव्हतं, ती बेवारस सापडलेलं मूल होती, फाईलमध्ये तारीख आणि बसस्टँड एवढंच.

या गटाने सुरुवातीलाच दोन गोष्टी करून ठेवल्या होत्या ज्या इथे कामाला आल्या. एक, ज्याची कहाणी समोरच्याच्या कहाणीशी फार जुळते त्याने प्रकरण एकट्याने धरायचं नाही, जोडीदार पाहिजेच. दुसरं, संभाजीनगरच्या एक मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून एकदा ऑनलाइन बसतात आणि कार्यकर्त्यांचं ऐकतात, त्यांना त्याचे पैसे दिले जातात. ताईला त्या बैठकीत हे दाखवून दिलं गेलं. ती चिडली, एक मीटिंग सोडून गेली, मग परत आली. फोन आठवड्यातून एक झाला.

इथे माझं मत घुसडते. आपल्याकडे असल्या कामाला "सेवा" म्हणतात आणि ज्यांनी भोगलंय त्यांनी तर ती फुकटच करावी असं सगळ्यांना वाटतं. दिवसभर नोकरी, रात्री दोन वाजता दुसऱ्याचा घाव, आणि त्यातून स्वतःची जखम उघडी. ज्या संस्थेला मानधन आणि देखरेख परवडत नाही तिने अशा लोकांना पुढे करू नये, सरळ सांगते. या गटाला पण ते जेमतेम परवडतं. आता गटाच्या हेल्पलाइनवर फोन घ्यायला बसणाऱ्याला थोडं मानधन आहे, मेळाव्याचा मंडप लहान करून काढलेलं.

तिसरी बाजू

सहा-सात महिन्यांनी मूळ शोधाचं त्यानेच काढलं. नियम असा की १८ पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीला स्वतः अर्ज करता येतो, त्याआधी आईवडिलांसोबत. तिसऱ्या माणसाला, मग तो कितीही जवळचा असो, करता येत नाही. जन्मदात्यांनी लेकरू संस्थेकडे सोपवताना नाव गुप्त ठेवा असं लिहून दिलेलं असेल तर त्यांची संमती लागते, आणि ते सापडतच नसतील तर कुठल्या परिस्थितीत सोपवलं एवढं सांगतात. याच्या हाती तेच आलं, परिस्थितीचा एक परिच्छेद. अविवाहित, वय १९, घरच्यांसोबत आली होती.

त्याच वयाचा तो, तेव्हा. कागद वाचून संतापला. सोडून दिलं, सही करून सोडून दिलं.

गटात एक बाई आहेत. त्या कधी भेटायला येत नाहीत, फक्त फोनवर असतात, ताई आणि सर सोडून त्यांचं नाव कुणाला माहीत नाही, मलाही नाही. त्यांनी स्वतः एक लेकरू सोपवलेलं आहे, पुष्कळ वर्षांपूर्वी. आज त्यांचं लग्न, संसार, मोठी मुलं आहेत आणि घरात कुणालाही यातलं काही माहीत नाही. त्या पोराशी अर्धा तास बोलल्या. काय बोलल्या त्यातलं एवढंच छापायला त्याने परवानगी दिली: "सही करताना बोट धरून करून घेत्यात रे बाळा. कायद्यात साठ दिवस देत्यात म्हणं आता विचार बदलायला. ज्या घरानं गाडीत घालून आणलं त्याच घरी जाऊन कुठं बदलावा विचार?"

कमिटीला त्या बाई कार्यकारिणीत हव्या होत्या. जमलं नाही, जमणारही नाही. विश्वस्त व्हायचं तर धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत, शेड्यूल वनला, नाव, पत्ता, आणि ते सार्वजनिक रेकॉर्ड. दत्तक लेकरं पुढे आली, दत्तक आईबाप तर होतेच, पण जिने दिलं तिला खुर्ची द्यायची तर तिचं घर मोडायचं. ऑस्ट्रेलियात अशा आया स्वतःच्या नावाने बोलल्या, २०१२ मध्ये तिथल्या सिनेटच्या समितीने त्यांचं ऐकून अहवाल दिला आणि २१ मार्च २०१३ ला पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी जबरदस्तीने झालेल्या दत्तकांबद्दल देशाच्या वतीने माफी मागितली. ताई हे नेहमी सांगते. सर म्हणतात, तिथे बोलल्यावर त्या बायकांना परत आपल्याच गावात राहायचं होतं का ते पण सांग.

सध्या सोय अशी केलीय की कुठलंही धोरण ठरवण्याआधी ताई त्यांना फोन करते, त्यांचं मत इतिवृत्तात "एक सल्लागार" म्हणून जातं, आणि त्यांनी नको म्हटलं तर ठराव एक महिना थांबतो. हे अर्धवट आहे हे सगळ्यांना कळतं. एका पालक सदस्याचा आक्षेपही आहे की नाव नसलेल्या माणसाला नकाराधिकार कसा. तो आक्षेप खोटा नाही, त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.

आत्ता कुठे आहे

पोराची आई गटाच्या पालक बैठकीला येते. गावात तिने अजून कुणाला सांगितलेलं नाही, गावाला मात्र बहुतेक सगळं कळलंय. बाप येत नाही, पण फोनवर सरांशी बोलतो, शेतीचं जास्त. पोराला हेल्पलाइनवर बसायचं होतं, कमिटीने दोन वर्षं थांब म्हटलं, तो नाराज आहे. ताईची अध्यक्षपदाची मुदत मार्चमध्ये संपतेय आणि तिला पुन्हा उभं राहायचं नाही. सरांना विचारलं, ते म्हणाले माझं घर भावकीत आहे, अध्यक्ष झालो तर काकूला लोक काय काय विचारतील. दुसरं कुणी अजून पुढे आलेलं नाही, आणि घटनेप्रमाणे पालक अध्यक्ष होऊ शकत नाही.